वरणातला गूळ

११ नोव्हेंबर १९९७
आईंची मूठ: तांदूळ पाऊण वाटी. तुरीची डाळ पाऊणला जरा कमी. चिमूट: मीठ पाव चमचा. "थोडंसं": माप नाही. दर वेळी वेगळं.

सकाळभर हेच. त्या पातेल्यात टाकायला मूठ उचलतात. मी खाली वाटी धरते, मोजते, लिहिते, मग पातेल्यात. शेवटी चिडल्या. "मले सैपाक करू देते का हिसाब घेते?"

केबलवाल्या पटलेंचा आग्रह आहे. माप सांगितलं नाही तर बघणाऱ्या बायका करणार कशा? कार्यक्रमाचं नावही त्यांनीच ठेवलं. आईजी की रसोई. गुरुवारी दुपारी तीन वाजता. बालाघाटात, आणि तार पोचेल तिथे.

वि. ऑफिसातून आले. आपली आई टीव्हीवर जाणार म्हटल्यावर आधी बूट काढले. मग, "आई, लोक हसतील."
"हसू दे ना. जेवून हसतीन."

१७ नोव्हेंबर १९९७
पहिलं चित्रण, आमच्याच स्वयंपाकघरात. पटले लग्नांची कॅसेट काढतात, तोच कॅमेरा, तेच दिवे. मी कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला पाटी घेऊन उभी. पाटीवर मापं.

आईंची हिंदी म्हणजे मराठीला "है" लावलेलं. "देखो बाई, ये वांगा है, इसको चिरने का नही, भरने का है."

शेवटी पटले म्हणाले, "आईजी, जरा चख के दिखाइए. पब्लिक को अच्छा लगता है."
"देवता के पहले? जूठा खिलाऊँ भगवान को?"
"तो नमक का कैसे समझेगा?"
आईंनी नाकावर बोट ठेवलं. "नाक है ना."

पटलेंनी ते कापलं नाही.

३ मे १९९८
किरनापूरला लग्न. वरात दारात आली आणि मांडवातल्या निम्म्या बायका आईंभोवती. "आईजी, वो वाटी कौन सी है? छोटी कि बड़ी?" वरमाय रुसली. आईंनी जाऊन तिची समजूत काढली, तर ती नाकावर बोट ठेवून म्हणाली, "पहिले सांगा, माझ्या कढीले काय कमी पडते."

परतताना बसचा कंडक्टरही नाकावर बोट ठेवून हसला. तिकीट मात्र घेतलं.

२४ जानेवारी १९९९
मापवही भरली. दुसरी घेतली. कॉलेजात मराठी शिकवताना मुलांना सांगते, विशेषणं कमी करा. या वहीत एकही विशेषण नाही. इतकं बरं मी दुसरं काही लिहिलेलं नाही.

मला स्वतःला अजून पोळी गोल येत नाही. आईंनी बारा वर्षांत त्यावर एकदाही बोलून दाखवलं नाही. शेजारणी म्हणतात, साताऱ्याकडची सून, नुसती पुस्तकं वाचते. आई म्हणतात, "वाचू द्या. घरात एकानं तरी वाचलं पायजे."

२२ जुलै १९९९
आई अंगणात पडल्या. नळाजवळ शेवाळ. डोकं मागून दगडी पायरीवर. पाच टाके. शुद्ध गेली नाही. दवाखान्यात डॉक्टरांना: "टाके घाला, पन केस कापू नोका. गुरुवारी टीव्हीवर जाचं आहे."

९ ऑगस्ट १९९९
दूध करपलं. मी बाहेरच्या खोलीत पेपर तपासत होते, मला वास आला. आत गेले. आई गॅसपासून दोन हातांवर, मेथी निवडत बसलेल्या. पातेलं काळं.
"आई, दूध!"
दचकल्या. पातेल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. हातातली जुडी बाजूला ठेवली.

११ ऑगस्ट १९९९
आज त्यांनी दार लावून घेतलं, मला आत बोलावलं. हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. मग ओवा. मग रॉकेलची बाटली. एकेक करून झाकणं लावली.
"काईच नाई वं."

डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार बसला की असं होतं. येईल. कदाचित येणार नाही. जीभ शाबूत आहे, खारट गोड कळेल.

१६ ऑगस्ट १९९९
चित्रण. भरडा भात. मीठ पडलं की नाही ते कळेना, त्यांनी पुन्हा टाकलं. मी पाहिलं. कॅमेरा चालू होता. बोलले नाही. बोलायला हवं होतं.

नैवेद्याची वाटी देवापुढे. मग पटले जेवले. ताट संपवलं. "बढ़िया, आईजी." तीन तांबे पाणी प्यायले.

संध्याकाळी आई जेवायला बसल्या. पहिला घास. थांबल्या. "पटलेनं हे खाल्लं?"
"हो."
"अन् वि.नं?"
"हो. डब्यात नेला होता."
"कोनीच काई नाई म्हनलं?"

महिनाभर घरात खारट, अळणी, करपट, सगळं निमूट खाल्लं जातंय. आईंना हे आज कळलं.

१९ ऑगस्ट १९९९
मी म्हटलं, चाखून पाहा ना. जीभ आहे. देवाला समजेल.
"देवाले समजन. मले समजत नाई." मग: "लहानपनापासून नाई चाखलं. आता चाखलं तर थे आधीचं सगळं काय होतं मंग?"

बंद करूया कार्यक्रम, मी म्हटलं. त्यांनी चेहरा फिरवला. अंगणातल्या दोरीवर पातळ वाळत होतं. ते काढून आणलं, घडी घातली. मोडली. पुन्हा घातली.

"तुह्यं नाक कसं आहे?"

२१ ऑगस्ट १९९९
ठरलं ते असं. चित्रणाला मी पाटी घेऊन उभी असतेच. आई पातेल्यावर वाकतील, नेहमीसारखं नाक पुढे करतील, मग माझ्याकडे बघतील. पाटी खाली म्हणजे झालं. पाटी छातीशी म्हणजे अजून हवं.

वि.ना सांगायचं नाही. पटलेंना नाही. नणंदेला, मंदाताईंना, तर नाहीच. त्या गोंदियाहून धावत येतील, नागपूरच्या डॉक्टरकडे नेतील, आणि कार्यक्रम बंद करतील.
"शपथ घालू का?"
मी म्हटलं, नको. सांगणार नाही.

१४ सप्टेंबर १९९९
शिकवणी. डोळे मिटायचे. आई डब्याचं झाकण काढतात. "नाक दे." मी नाव सांगते. धणे. जिरं. शहाजिरं. चुकलं, ते जिरंच होतं.

फोडणी. "जळाच्या आधी वास बदलते. कवा बदलला थे सांग."
मी सांगते. उशीर झालेला असतो. मोहरी काळी.
"मंदीलेबी असंच शिकवलं. सात वर्षांची होती. तिचं नाक चांगलं होतं." तुझंही चांगलं आहे असं काही म्हणाल्या नाहीत.

मीठ मला नाकाला कळत नाही. मोजते. मापवही आहेच.

६ डिसेंबर १९९९
चूक झाली. लिहून ठेवते.

वरण-फळं, डाळीत शिजवायच्या कणकेच्या चकत्या. डाळीला उकळी, आईंची चिंच, लसूण, मसाला. त्या वाकल्या, माझ्याकडे पाहिलं. मी वास घेतला. काहीतरी राहिलं होतं. काय ते कळेना, पण राहिलं होतं हे नक्की. पाटी छातीशी.
आईंनी मिठाकडे बोट केलं. मी मान हलवली. तिखट? नाही. पटले कॅमेरा धरून उभे. शेवटी मी ओठांनी म्हटलं: गूळ.

आईंची भुवई वर गेली. पण हात थांबला नाही. "और अब थोड़ा गुड़." सुपारीएवढा.

नैवेद्य झाला, पटले गेले, मग आई जेवल्या. दुसऱ्या घासाला हसायला लागल्या. मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी.
"बाप्पा! तुह्या माहेरचं वरण खाऊ घातलं वं तू मले."

खरंच. माझ्या नाकात साताऱ्याचं स्वयंपाकघर. डाळीला गुळाचा वास नसला तर ती माझ्या लेखी अपुरी.
मी म्हटलं, पटलेंना सांगून ते कापू या.
"राहू दे. पाहू लोकं काय म्हनतात."

२० फेब्रुवारी २०००
लोकांनी उचललं. पत्रं येतात, पटले पिशवीत भरून आणतात. भरवेलीहून एका बाईचं: माझा नवरा खाणीतून आला की पहिल्यांदा विचारतो, आईजी वाली दाल है क्या. कॉलेजच्या शिपायाच्या घरी, बँकेतल्या बाईंकडे, सगळीकडे डाळीत गूळ. ज्या गावात मला तेरा वर्षं "तुमच्याकडं सगळ्यात गूळ घालतात" म्हणून चिडवलं, तिथे.

आईंना म्हटलं, हे बरोबर नाही. हे तुमचं नाही.
"माह्या हातानं पडलं ना? मंग माह्यं." मग, "तुह्यंबी."

१० सप्टेंबर २०००
महालक्ष्म्या झाल्या. मंदाताई आल्या होत्या. सोळा भाज्या, आंबील, पुरण, वरण. पानं वाढली. मंदाताईंनी वरण-भाताचा घास घेतला.
"आई, वरण गोड काहून?"
मी वाढत होते. वाटी हातात तशीच.
आई म्हणाल्या, "वय झालं. गोड आवडू राह्यलं."
"तुले? तू तर चहातबी साखर कमी घेते."
"वरनात आवडते. तू जेव."

मंदाताई जेवल्या. जाताना मला म्हणाल्या, "सुधा, आईच्या सैपाकात हात घालू नोको. टीव्हीवर तिचं नाव आहे." रागाने नाही. विनंतीसारखं. त्यामुळे जास्त लागलं.

३ डिसेंबर २०००
लामत्याहून नवा चिन्नोर तांदूळ आला. पहिला भात. वाफ सगळ्या घरात, अंगणात, रस्त्यावरचा माणूस वळून बघेल इतकी. आई चुलीशी बसल्या होत्या, वाफेत तोंड धरून.
"कसा आहे?"
मी सांगायला लागले. थांबले. एकेक शब्द मनात आला तो खोटा वाटला. इतकी वर्षं भाषा शिकवते.
"चांगला आहे," मी म्हटलं.
"हौ." मग, "मानसं बोलतात, भांडे वाजतात, पन घर मुकं झालं वं."

१७ जानेवारी २००२
आई गेल्या. सकाळी साडेसात. चहाचा कप खाली ठेवला, पदर सारखा केला, भिंतीला टेकल्या.

१८ जानेवारी २००२
किती माणसं. ओळखीची थोडीच. पटलेंनी दिवसभर चॅनेलवर जुन्या कॅसेटी लावल्या. घरोघरी टीव्ही सुरू, आमच्या दारापासून मोक्षधामापर्यंत आईंचा आवाज. त्यांना नेत होतो आणि त्या खिडक्याखिडक्यांतून सांगत होत्या, कांदा बारीक चिरो, आँख पोंछो.

एका म्हातारीने पाया पडून नाकावर बोट ठेवलं. तिला तसाच नमस्कार करायचा असेल.

३० जानेवारी २००२
तेरावं काल झालं. फडताळ आवरलं. गुळाचा डबा माझ्या हाताशी येईल असा ठेवलेला होता. वरच्या फळीवर नाही, खाली, डावीकडे. आई उजव्या हाताने काम करायच्या; डावखुरी मी.

१८ ऑगस्ट २००२
मंदाताईंचा बेत: आईंच्या पाककृतींचं पुस्तक. हिंदीत, म्हणजे इथल्या बायका वाचतील. येत्या संक्रांतीला वाण म्हणून वाटायचं. मापवह्या माझ्या, निवड त्यांची. मुखपृष्ठावर आईंचा फोटो, नाकावर बोट. खाली: नाक है ना.
वि. खूश. खूप दिवसांनी.
मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

६ ऑक्टोबर २००२
पानं गोंदियाहून परत आली. मंदाताईंचं लाल पेन. वरणाच्या पानावर गुळाची ओळ खोडलेली. समासात: "हे आईचं नाही."

फोन केला. म्हणाल्या, "सुधा, मी तिच्या हातचं तीस वर्षं खाल्लं. तिनं डाळीत गूळ टाकला नाई. थे तुमच्याकडचं आहे. तू वहीत लिहिलं, तिनं वाचलं, टीव्हीवर बोलली. म्हातारी बाई, तुह्यावर भरवसा. सांग ना, खोटं आहे का?"

खोटं नाही. खरंही नाही.

७ ऑक्टोबर २००२
वि. म्हणाले, "तूच सांग मंदाताईला काय ते. तुझ्यासमोरच आई करत होती." मी म्हटलं, सांगेन.

सांगायचं तर सगळं सांगावं लागेल. की शेवटची अडीच वर्षं त्यांना वास नव्हता. की मुखपृष्ठावरचं बोट रिकाम्या नाकावर आहे. की त्यांची मुलगी गोंदियाला असताना हे त्यांनी मला सांगितलं, तिला नाही.
न सांगावं तर मी त्यांच्या वरणात हात घातला, इतकंच उरतं. ते मी सोसेन. पण मग ओळ खोडावी लागते. आणि ती त्यांनी ठेवली होती. राहू दे म्हणाल्या होत्या.

२४ नोव्हेंबर २००२
भरवेलीची ती पत्रवाली बाई आली होती. पुस्तक होतंय हे पटलेंकडून कळलं. बसली, पाणी प्यायली. "दीदी, गुड़ वाला पन्ना पहले रखना. मेरी बहू को रोटी नहीं आती, पर वो आती है."

तिच्या सुनेचं माहेर कुठलं, विचारायचं राहिलं.

१५ डिसेंबर २००२
पटलेंनी कॅसेटी आणून दिल्या. पुस्तकात फोटो हवेत म्हणून. दारातच उभे राहिले.
"भाभीजी, एक बात बोलूँ? एक्सीडेंट के बाद आईजी हर बार उधर देखती थी. आपकी तरफ."
मी कॅसेटी मोजायला लागले.
"मैं समझ गया था. इसलिए आपको कभी फ्रेम में नहीं लिया."
"किसको बताया?"
"क्या बताना? खाना तो अच्छा ही था." मग हसले. "वो एक दिन छोड़ के. नमक वाला."

४ जानेवारी २००३
परवा वर्षश्राद्ध. मंदाताई आल्या. पुस्तकाची सगळी पानं छापून झाली आहेत, वरणाचं एक राहिलंय. प्रेसवाला परवा अकरा वाजता न्यायला येणार, नाहीतर संक्रांत हुकते.

दुपारी मंदाताईंनी कॅसेटी लावल्या. आधी जुनी, भरल्या वांग्यांची. आई वाकतात, डोळे मिटतात, हसतात. नाक है ना. मंदाताई रडल्या. मग दुसरी, नंतरची. आई वाकतात. डोळे उघडे. डावीकडे बघतात. मग हसतात. नाक है ना.

मंदाताईंनी मागे नेली. पुन्हा लावली. पुन्हा.
"आई कोनाकडं पाहून राह्यली वं?"

गॅसवर काही नव्हतं. तरी मी उठून आत गेले.

५ जानेवारी २००३
मंदाताई दिवसभर टीव्हीपुढे. सगळ्या कॅसेटी पाहिल्या. क्रमाने. बाहेरच्या खोलीतून एकच आवाज, पुढे, मागे, पुढे. वि. दोनदा विचारून गेले, काय शोधतेस? "काई नाई."

चहा दिला. कप घेताना त्यांनी माझा हात धरला. बराच वेळ. मग विचारलं, "पडल्यावर लागलं होतं का जास्त?"
"पाच टाके."
"हौ. तेवढंच सांगितलं तिनं."

मी तोंड उघडलं होतं. वि. आत आले.

६ जानेवारी २००३
आंघोळ करून सोवळ्यात स्वयंपाक. मंदाताई भाज्या करताहेत. भात, खीर झाली. वरण मी लावलंय, त्यांनीच सांगितलं, वरण तू कर. डाळ शिजते आहे तोवर या चार ओळी.

श्राद्धाचा स्वयंपाक. पान वाढेपर्यंत कुणी चाखायचं नाही.

वरणाचं पान टेबलावर आहे. लाल रेघ तशीच. शेजारी मंदाताईंचं पेन, टोपण काढलेलं. प्रेसवाला अकराला. आता दहा वाजून गेले.

डाळ मंदाताईंनीच उतरवली. घोटल्याचा आवाज. चिंच पडली. लसूण नाही, आज श्राद्ध. आता उकळी. आता त्या वाकल्या असतील. त्यांचं नाक चांगलं आहे, त्यांना माझी गरज नाही.

आतून हाक आली.
"सुधा, ये. नाक दे."